अडाणी माणसांचे हिशेब

जिल्ह्याच्या गावी मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत चहा आला, की गप्पा कोठूनही सुरू होवोत, थोड्या वेळाने त्या खेड्यातल्या माणसाच्या अडाणीपणावर येऊन ठेपतात. कचेरीत निराळे घडत नाही. पुरावे ठरलेले असतात. सुधारित बियाणे दिले तरी हा गृहस्थ अर्ध्या रानात जुनाच वाण पेरतो. खताची मात्रा सांगितली तर निम्मी टाकतो. पावसाचा विमा उतरव म्हटले तर मान डोलावतो आणि घरी निघून जातो. शेजारच्या गावात चांगले स्थळ असताना मुलगी दोन तालुके ओलांडून देतो. बोलणारे लोक दुष्ट नसतात. त्यांच्यापैकी कित्येकांचे आईवडील अशाच खेड्यांत राहत असतात. प्रस्तुत लेखकानेही अशा बैठकींत अनेकदा होकार भरला आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

हा निकाल केवळ चहाबरोबर संपला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु शासनाच्या योजना आखणारी माणसे याच खोल्यांतून वर गेलेली असतात. एखादे वर्तन अज्ञानापोटी होते असे एकदा ठरले, की त्यावर उपाय म्हणून व्याख्याने, भित्तिपत्रके आणि मेळावे आपोआप सुचतात. तेच वर्तन जर हिशेबापोटी होत असेल, तर व्याख्यानाने काडीचाही फरक पडणार नाही. हिशेबातल्या रकमा बदलाव्या लागतील. दोन निदानांतून दोन अगदी निराळ्या राज्यपद्धती निघतात, म्हणून कोणते निदान बरोबर हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

अर्थशास्त्र म्हणजे पैशांचे शास्त्र, ही समजूत आपल्याकडे अजून बरीच दृढ आहे. वस्तुतः लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ सालीच या शास्त्राची व्याख्या फार व्यापक केली होती. साधने तोकडी, त्यांचे उपयोग अनेक, आणि साध्येही अनेक, अशा कोंडीत सापडलेला माणूस काय निवडतो याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. ही व्याख्या मान्य केली तर वेळ, श्रम, अब्रू, नातेसंबंध, काहीच तिच्या बाहेर राहत नाही. शिकागोचे गॅरी बेकर यांनी हा विचार टोकाला नेला. विवाह, अपत्ये, गुन्हे, दिवसाच्या चोवीस तासांची वाटणी या सर्वांना त्यांनी लाभ-हानीचे गणित लावले. एकदा विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला उशीर होत असताना, गाडी पैसे देऊन वाहनतळावर लावावी की रस्त्यावर बेकायदा लावून दंडाचा धोका पत्करावा, असा प्रश्न त्यांना पडला. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गुन्हेविषयक निबंधाचे बीज तेथे पडले, असे ते सांगत. १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हाही, माणसाच्या कोमल भावनांचा हा बाजार मांडला जात आहे अशी नाराजी अनेकांच्या मनात होतीच.

अमेरिकन प्राध्यापकाची मोटार आपल्याला दूरची. हा विचार सोलापूरच्या काळ्या जमिनीवर आणून पाहिला तर त्याची खरी कसोटी लागते.

त्या भागात भारी काळ्या रानात खरिपाचे पीक न घेता पावसाळाभर रान मोकळे ठेवण्याची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बीची ज्वारी पेरण्याची जुनी रीत आहे. पुण्याहून सोलापूरकडे आगगाडीने ऑगस्टात जाणाऱ्या सुशिक्षित माणसाला ही मोकळी राने दिसतात आणि तो हळहळतो. ऐन पावसाळ्यात जमीन निजवून ठेवली, म्हणतो. आता शेतकऱ्याची बाजू पाहा. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. जून-जुलैचा पाऊस येईलच याची शाश्वती नाही. पेरणी करून पावसाने डोळे वटारले तर बियाणे, बैलांची मेहनत आणि उधारी तिन्ही मातीत जातात. पाऊस भरपूर झाला तर हीच जमीन चिखल होऊन औताला दाद देत नाही, वाफसा येईपर्यंत थांबावे लागते. मात्र तिच्यात एक मोठा गुण आहे, ती ओल पोटात धरून ठेवते. पावसाळ्यात मधूनमधून पाळी घालून तण काढीत राहिले आणि मुरलेले पाणी जपले, तर त्या ओलीवर थंडीतली ज्वारी निघते. माणसाला धान्य आणि जनावराला कडबा. दोन बेभरवशाच्या पिकांऐवजी एक त्यातल्या त्यात हुकमी पीक घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. वऱ्हाडात कपाशीत तुरीच्या ओळी घालणारा शेतकरी याच जातीचा विचार करतो. एका पिकाला जो पाऊस मारक, तो दुसऱ्याला कदाचित तारक ठरतो.

थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली आपल्या ग्रंथात असा सिद्धांत मांडला, की परंपरागत शेतकरी गरीब असतो, परंतु हाताशी असलेल्या साधनांचा वापर तो चोख करतो. सेनापूर या उत्तर प्रदेशातील गावाचा अभ्यास त्यांच्या आधारांपैकी एक होता. हा सिद्धांत काहीसा भाबडा होता, आणि मायकेल लिप्टन यांनी १९६८ साली त्यावर नेमके बोट ठेवले. जेथे पावसाचा भरवसा नाही तेथे सर्वात जास्त सरासरी उत्पन्न कसे मिळेल असा प्रश्न शेतकरी विचारीतच नाही. सर्वात वाईट वर्षी घर कसे तगेल, असा त्याचा प्रश्न असतो. दहा वर्षांची सरासरी उत्तम, पण तिसऱ्याच वर्षी जमीन सावकाराकडे, असे गणित विद्यापीठाच्या फळ्यावर शोभते.

हे सगळे तर्क म्हणून ठीक, पुरावा काय? पुराव्याचा मोठा साठा, योगायोगाने, आपल्याच खेड्यांतून जमा झालेला आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेने १९७५ साली सहा कोरडवाहू गावे निवडली. त्यांपैकी शिरापूर आणि कळमण ही सोलापूर जिल्ह्यातील, कानझरा आणि किनखेडा ही अकोला जिल्ह्यातील, आणि औरेपल्ले व डोकूर ही त्या वेळच्या आंध्रातील महबूबनगर जिल्ह्यातील. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे घेतली. दहा भूमिहीन, उरलेली लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. संस्थेचे अन्वेषक गावातच मुक्काम करून राहिले आणि दर तीन-चार आठवड्यांनी घरोघर जाऊन काय पेरले, काय विकले, काय खाल्ले, कोणाकडून उसने घेतले याची नोंद करीत राहिले. दहा वर्षे हा उद्योग चालला. गावोगावच्या पाहुणचाराइतकाच त्यांचा चिकाटीचा चहा झाला असेल. जगातल्या नामांकित अर्थशास्त्रीय नियतकालिकांत शिरापूर आणि कानझरा ही नावे छापली गेली ती या नोंदींमुळे. त्या गावच्या लोकांना याचा पत्ता असेलच असे नाही.

हान्स बिन्सवांगर या संशोधकाने या २४० कुटुंबांत एक प्रयोग केला. लोक जोखमीला किती भितात, हे त्याला मोजायचे होते. त्याने खरे पैसे लावून नाणेफेक मांडली. एक पर्याय असा, की काहीही पडो, पन्नास रुपये निश्चित. दुसऱ्या टोकाचा असा, की एक बाजू पडली तर हात हलवीत परत, दुसरी पडली तर दोनशे. मधले पर्याय पायरीपायरीचे. कोणात चाळीस किंवा एकशेवीस, कोणात तीस किंवा दीडशे. खेळ पन्नास पैशांपासून सुरू करून वर नेला होता, आणि शेवटच्या डावातील मोठी रक्कम अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईहून अधिक होती. १९८० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रकमा मोठ्या झाल्यावर जवळजवळ सर्वांनी दोन्ही टोके सोडून मधला मार्ग धरला. लक्षणीय गोष्ट अशी, की श्रीमंत आणि गरीब यांच्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. गरीब शेतकरी स्वभावतःच भित्रा म्हणून नवे बियाणे घेत नाही, हे चहापानातले अनुमान येथे कोसळते. धाडसाची भूक दोघांची सारखीच होती. नवा प्रयोग फसला तर एकाला कर्ज देणारी पेढी होती, दुसऱ्याला नव्हती. त्याच कुटुंबांना नुसते तोंडी प्रश्न विचारूनही पाहिले होते, अशा वेळी तुम्ही काय कराल म्हणून. ती उत्तरे आणि प्रत्यक्ष खेळातले वागणे यांचा मेळ बसला नाही. मतचाचण्या घेणाऱ्यांनी आणि शासकीय पाहणीचे तक्ते भरणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

येथे एक गोष्ट वाचकांनी मनावर घ्यावी, राग न धरता. शिकवणीचे वर्ग चालवून दुप्पट पैसे मिळवू शकणारा हुशार शिक्षक अनुदानित शाळेची नोकरी सोडीत नाही. मुलगा पदवीधर झाला की चार-चार वर्षे स्पर्धा परीक्षांना बसतो, कारण सरकारी खात्याच्या कायमपणाला तोड नाही. उपवर मुलीसाठी 'नोकरीवाला' पाहिजे, अशी अट घालताना आपण पगाराच्या आकड्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, पगाराच्या तारखेचा विचार करीत असतो. कमी पण निश्चित मिळावे म्हणून जास्त पण अनिश्चित सोडून देणे, हाच सोलापूरच्या मोकळ्या रानाचा न्याय. आपण त्याला व्यवहारज्ञान म्हणतो. शेतकऱ्याच्या बाबतीत त्याला दुसरे नाव देतो, इतकेच.

आता दूरच्या गावी दिलेल्या मुलीकडे वळू.

आपत्ती अनेक प्रकारच्या असतात. घरचा कर्ता आजारी पडला, बैल मेला, छप्पर जळाले, तर शेजारी धावून येतो. त्याची स्थिती ठीक असते. पाऊस मात्र असा भेद करीत नाही. मोहोळ तालुक्यात तो नाही पडला तर आपल्या शिवारात नाही आणि शेजाऱ्याच्याही नाही. ज्याच्या दारात पायली मागायला जायचे त्याचीच कणगी रिकामी. म्हणजे या आपत्तीतला मदतनीस असा हवा, की ज्याच्या आभाळाचा आपल्या आभाळाशी संबंध नाही. परंतु दूरचा माणूस आपल्याला कशावरून देईल? आपण खरोखर नडलो आहोत की बतावणी करतो आहोत, हे त्याला कसे कळेल? उद्या त्याच्यावर वेळ आली तर आपण तोंड फिरवणार नाही, हा विश्वास कोठून येईल? अंतर हवे आणि आतल्या गोटातली ओळखही हवी, असा हा पेच आहे. तो सोडविणारी एक संस्था आपल्याकडे फार जुनी आहे. तिचे नाव सोयरीक.

मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली याच सहा गावांच्या नोंदी घेऊन हा विचार तपासला. दूरच्या पण नात्यागोत्यातल्या घरी मुलगी देणे हा दोन कुटुंबांतला अलिखित विमा आहे, असे त्यांचे प्रतिपादन. याचे सौंदर्य असे, की त्यातून चूक ठरू शकेल असे भाकीत निघते. ज्या घरांचे शेतीचे उत्पन्न अधिक हेलकावे खाते, त्यांनी आपल्या मुली अधिक दूर दिलेल्या असायला हव्यात. आणि ज्या घरांच्या अशा सोयरिकी आहेत त्यांच्या ताटातले चढउतार कमी असायला हवेत. दोन्ही गोष्टी नोंदींत आढळल्या. सुटीत मुले मामाच्या गावाला जातात ते गोडधोड खायला. त्याच वाटेने वाईट वर्षी धान्याचे पोतेही येत असते.

अर्थशास्त्रीय स्पष्टीकरणांविषयी एक जुना आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. माणसाने काहीही केले तरी मागाहून त्यात कोठलातरी लाभ दाखवता येतो. मग हे शास्त्र झाले की कीर्तन? एखादे स्पष्टीकरण खरे की नुसतेच चतुर, हे ओळखण्यासाठी ते कोठे आणि केव्हा उलटे फिरेल याचे उत्तर त्याच्याजवळ असावे लागते. याचा अत्यंत बोलका दाखला २०२० साली 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात आला. लुसिया कॉर्नो, निकोल हिल्डेब्रँट आणि आलेसांद्रा व्होएना यांनी दुष्काळ आणि बालविवाह यांचा संबंध पाहिला. हातात पैसा नसेल तेव्हा माणूस ज्यातून पैसा येतो ते आधी करील आणि ज्यात पैसा जातो ते पुढे ढकलील. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी वराकडचे लोक वधूच्या घरी मूल्य देतात. भारतात हुंडा वधूकडून जातो. म्हणजे एकच दुष्काळ तेथे लहान मुलींची लग्ने घाईने लावील आणि येथे लांबवील. आकडे नेमके तसेच बोलले. आपल्याकडेही अनेक शेतकरी जातींत एकेकाळी देज घेण्याची चाल होती आणि हुंडा मागाहून शिरला, हे लक्षात घेतले म्हणजे चालीरीतींना आपण समजतो तितके अचल बूड नसते असे दिसते.

विमा कंपनीचा विमा मात्र हीच माणसे घेत नाहीत, हे कसे? महबूबनगर जिल्ह्यात २००३ साली पर्जन्यमानावर आधारलेला विमा विकायला सुरुवात झाली. पाऊस अमुक मिलिमीटरच्या खाली गेला की नुकसानीचा पंचनामा न करता पैसे, अशी सुटसुटीत योजना. घेणारे थोडेच निघाले. झाविए जिने, रॉबर्ट टाउनसेंड आणि जेम्स विकरी यांनी २००८ साली दाखविले, की जे जोखमीला अधिक भितात ते हा विमा कमी घेतात. वरवर पाहता हे तर्काला सोडून आहे. पण ज्याला कंपनी परकी आहे, मापक दूरच्या ठाण्यावर आहे, आणि आज दिलेला हप्ता परत येईल की नाही हे कळत नाही, त्याच्या दृष्टीने हा विमाच एक नवी जोखीम असतो. विकणारी संस्था ओळखीची असेल तेथे लोक पुढे आले. व्याह्याचा शब्द आणि छापील कागद यांत त्याने व्याह्याचा शब्द निवडला. त्याच्या माहितीनुसार तो चुकला असे म्हणता येत नाही.

शासनाने लोकांचा हिशेब ओळखून आखलेली योजना कशी असते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि त्याचा खर्च या पानाच्या वाचकांनी उचललेला आहे. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या आणि वि. स. पागे यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला. शिक्षक-कारकुनांच्या पगारपत्रकातली ती लहानशी कपात. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेत गरिबांची यादी नव्हती. मागेल त्याला काम, पण काम अंगमेहनतीचे, उन्हातले, आणि मजुरी बेताची. ज्याच्या घरी दुसरी सोय आहे तो खडी फोडायला येणार नाही. जो येईल तो गरजू, हे त्याच्या येण्यानेच सिद्ध. दाखला नको, शिफारस नको, सरपंचाची मर्जी नको. गरिबीच्या दाखल्यांसाठी श्रीमंतांची रांग लागलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना या साध्या चाळणीचे मोल कळेल. १९८८ साली मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. मजुरांच्या दृष्टीने ते न्याय्यच होते. परंतु त्यानंतरच्या अभ्यासात मागेल त्याला काम मिळेनासे झाल्याची चिन्हे दिसली. मजुरी वाढली की येणारे वाढतात, पैसा तितका वाढत नाही, आणि हमी नकळत वाटपावर येते. दोन्ही बाजू एकदम साधत नाहीत, हे अर्थशास्त्र कटुपणे सांगते आणि आपल्याला ते आवडत नाही. देशभरासाठी २००५ साली झालेल्या कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

इतके सारे मान्य करूनही मनात काही खुपत राहते. अमर्त्य सेन यांनी १९७७ साली एका निबंधात शुद्ध स्वार्थी माणसाची थट्टा केली होती. परगावच्या वाटसरूने स्थानकाची वाट विचारावी, सांगणाऱ्याने मुद्दाम टपाल कचेरीकडे बोट दाखवावे आणि जाता जाता आपले पत्र टाकायला द्यावे, आणि वाटसरूनेही पाकिटात काही किमती आहे का हे फोडून पाहायचा बेत करीत ते घ्यावे. असा समाज एक दिवसही चालणार नाही, हे खरेच. तथापि कोरडवाहू गावांच्या नोंदींपुढे हा आक्षेप मला फारसा बोचत नाही. तेथील हिशेब विश्वासावरच उभे आहेत. खुपते ते वेगळे. 'कुटुंबाने' मुलगी दूर दिली, 'कुटुंबाची' जोखीम कमी झाली, असे आपण सहज लिहून जातो. कुटुंब म्हणजे कोण? विम्याला हप्ता असतो. तो या व्यवहारात भरला कोणी?

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, ओळखीचे एकही माणूस नाही अशा गावात जाते. तेथे मारहाण झाली तर रात्रीत माहेरी पळून येण्याइतके माहेर जवळ नसते. नेमक्या ज्या अंतरामुळे तिच्या बापाची जोखीम कमी होते, त्याच अंतराने तिची वाढते. त्या सहा गावांच्या नोंदवह्यांत धान्य, कडबा, उसनवारी यांचे रकाने होते. हा रकाना मला तरी कोठे दिसला नाही.

आणि हप्ता एकदाच भरून संपत नाही. वडील वारले की काही महिन्यांनी बहिणीला निरोप येतो. हक्कसोडपत्रावर सही करायला ये. कायदा तिच्या बाजूचा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला, जरी तोवर लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली उरलेला संभ्रम दूर केला. तरीही ती येते आणि सही करते. आपण याला भोळेपणा म्हणतो, नाही तर भावावरची माया म्हणतो. माया असतेच. पण तिचा हिशेबही ऐका. वाट्याला येणार एक-दीड एकर, तीही कोरडवाहू, राहत्या गावापासून इतकी दूर की स्वतः कसता येणार नाही. ती मागितली तर भावाचे दार बंद. नवरा गेला, किंवा त्याने टाकले, तर जायला तेवढे एकच दार. बीना अगरवाल यांनी १९९४ साली दक्षिण आशियातील स्त्रिया आणि जमीन यांवर लिहिलेल्या ग्रंथात हा सौदा उलगडून दाखविला आहे. बापाने दुष्काळाविरुद्ध विमा काढला तो मुलगी देऊन; मुलगी संकटाविरुद्ध विमा काढते तो जमीन देऊन. दोन्ही वेळा हप्ता तिच्याच पदरातून जातो.

तिला हक्कांची व्याख्याने देणाऱ्यांचे हेतू शुद्ध आहेत, पण ती व्याख्याने तिच्या हिशेबातील एकाच बाजूला पडतात. दुसऱ्या बाजूला काय ठेवता, हा प्रश्न आहे. सासरच्या सात-बाऱ्यावर तिचे नाव असेल तर भावाच्या दाराचे मोल उतरते. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' म्हणून बायकोच्या नावे जमीन करण्याची मोहीम काढली तिचे महत्त्व येथे आहे, आणि ती शेकडो गावांपलीकडे पसरली नाही याचे दुःखही. निराधार विधवेला मिळणारे अनुदान वेळेवर आणि पोटापुरते आले, तरी तिच्या हिशेबात फरक पडेल. घराजवळ रोजगार असेल तर आणखी पडेल.

तोवर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तो प्रसंग घडतच राहतो. भाऊ साडी-चोळी घेऊन आलेला असतो. कारकून कागद पुढे सरकवतो आणि रीतीप्रमाणे विचारतो, 'बाई, हे स्वखुशीने करताय ना?' बाई 'हो' म्हणतात, आणि अंगठा किंवा सही करतात. त्या खोटे बोलत नसतात.